जुने फोटो, नवे रंग आणि माणसाची कातडी

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने सूचना मांडली की, विहाराच्या कपाटात जे जुने काळे-पांढरे फोटो पडून आहेत ते संगणकावर रंगीत करून छापावेत. सूचना सगळ्यांनाच आवडली. मी जन्मभर फोटो स्टुडिओत राबलेला माणूस, म्हणून काम माझ्याकडे आले. मी म्हटले, करू. घरात नात आहे, ती संगणकात तरबेज. मला फोटो कळतो, तिला यंत्र कळते. आठ दिवसांत उरकेल असे वाटले होते. चार महिने लागले. ते का लागले, हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिल्याच दिवशी दोन फोटो घेतले. एक १९५७ सालचा. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी वस्तीतल्या अकरा बाया पांढऱ्या लुगड्यांत ओळीने उभ्या आहेत, मागे पंचशील ध्वज आहे. दुसरा १९६८ सालचा, त्याच अकरा जणींपैकी एकीचा स्टुडिओत काढलेला एकटीचा फोटो. नातीने दोन्ही स्कॅन केले, यंत्राला दिले आणि अर्ध्या मिनिटात रंगीत फोटो पडद्यावर हजर! आम्ही दोघे खूश. संध्याकाळी त्या बाईंची मुलगी, जी आता स्वतः ऐंशीच्या पुढची आजी आहे, वंदनेला आली तेव्हा मोठ्या हौसेने तिला दाखवले. तिने चष्मा पुसला, एकदा हा फोटो पाहिला, एकदा तो. म्हणाली, "हे कोन व्हय, भाऊ?"

मी म्हटले, "बाई, तुमची आई. दोन्हीत."

"नाही जी. या फोटोत गोरीपान बामनीन दिसते, अन् त्या फोटोत तव्याची बुडखी. माही माय ना अशी होती, ना तशी. सावळी होती. नव्या गुळाच्या भेलीवानी."

मी गप्प झालो. कारण १९६८ चा तो फोटो आमच्याच स्टुडिओतला होता आणि त्या माउलीला गोरी करणारी पेन्सिल माझ्याच हातात होती. ते पुढे सांगतो. आधी दुसऱ्या फोटोचे. त्यात ती इतकी काळी का दिसली? तिथे तर कोणी हात लावलेला नव्हता.

काचेला लाल दिसत नव्हते

बांधवांनो, आपण म्हणतो की फोटो खोटे बोलत नाही. पण फोटोचा इतिहास पाहिला तर तो पहिल्या दिवसापासून अर्धवट आंधळा होता. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या फोटोपद्धतीची जाहीर घोषणा झाली. पुढच्याच वर्षापर्यंत ती कला कलकत्त्या-मुंबईला पोचली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या आपल्याकडच्या जाणकार फोटोग्राफरांपैकी एक. त्या जमान्यात काचेवर ओले रसायन पसरून फोटो काढत. त्या रसायनाला निळा आणि जांभळा उजेड तेवढा कळे. हिरवा फारसा कळत नसे, लाल तर मुळीच नाही.

याचा परिणाम काय? निळे आकाश फोटोत पांढरे फक्क येई. लाल लुगडे काळे येई. पान खाल्लेले ओठ काजळ फासल्यासारखे येत. आणि माणसाची कातडी? कातडीतून परत येणारा उजेड मुख्यतः तांबडा आणि पिवळसर असतो. तोच काचेला दिसत नसेल तर गोरा माणूस सावळा दिसणार आणि सावळा माणूस काळा कुळकुळीत. शिवाय तांबडा उजेड कातडीच्या आत थोडा शिरून पसरतो आणि बाहेर येतो, त्यामुळे सुरकुत्या मऊ दिसतात. तो उजेडच गाळला गेला की एकेक सुरकुती खणून काढल्यासारखी दिसते. आपले पणजोबा जुन्या फोटोत चाळिशीतच म्हातारे दिसतात, त्यामागे कष्ट आहेतच, पण काचेचाही दोष आहे.

१८७३ साली जर्मनीतल्या हर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले की काचेवरच्या रसायनात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तिला हिरवाही उजेड कळतो. या जातीच्या काचेला आणि फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. आम्ही स्टुडिओत नुसते 'ऑर्थो' म्हणायचो. लाल मात्र तिलाही कळत नव्हते. सगळे रंग कळणारी 'पॅन' म्हणजे पॅनक्रोमॅटिक काच १९०६ पासून बाजारात आली, पण साध्या माणसाच्या कॅमेऱ्यात ऑर्थोच जास्त चाले. जुन्या डबा कॅमेऱ्याच्या पाठीला एक लाल काचेची खिडकी असे, आठवते का? फिल्म कितव्या नंबरवर आली ते त्यातून पाहायचे. ती खिडकी लालच का? कारण ऑर्थो फिल्मला लाल उजेड दिसतच नव्हता, म्हणून ती खराब होत नसे. स्टुडिओवालेही ऑर्थोवर खूश होते. लाल दिव्यात डोळ्यांनी बघत बघत ती धुता येई. पॅन फिल्म धुवायला मिट्ट अंधार लागे. कोडॅक कंपनीची घरगुती कॅमेऱ्यांसाठीची प्रसिद्ध व्हेरिक्रोम फिल्म १९३१ पासून ऑर्थो होती, तिच्या जागी व्हेरिक्रोम पॅन आली ती १९५६ साली. म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली त्याच वर्षी! नवी फिल्म लहान गावात पोचून जुना माल संपेपर्यंत आणखी काही वर्षे गेलीच असणार. आपल्या वस्त्यांतले त्या काळचे कितीतरी फोटो त्या लाल न कळणाऱ्या फिल्मवर निघाले असतील.

पंचशील ध्वजाची साक्ष

पण आमचा हा १९५७ चा फोटो नेमका ऑर्थोवर काढला की पॅनवर? निगेटिव्ह नाही, फोटोग्राफर हयात नाही. नात म्हणाली, "आजोबा, कसं ठरवायचं?" दोन दिवस मी फोटो समोर ठेवून बसलो आणि तिसऱ्या दिवशी उत्तर त्याच फोटोत सापडले. उत्तर मागच्या ध्वजात होते.

पंचशील ध्वज १८८५ साली श्रीलंकेत तयार झाला आणि पुढे जगभरच्या बौद्धांनी स्वीकारला. त्याचे पट्टे ठरलेले आहेत. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि शेवटी पाचही रंगांचा मिळून एक. म्हणजे त्या फोटोत अशी एक वस्तू होती की जिचे खरे रंग आपल्याला पक्के ठाऊक आहेत. भिंग लावून पाहिले. निळा पट्टा फिकट, पांढऱ्याच्या जवळ गेलेला. लाल पट्टा जवळजवळ काळा. केशरी गडद. पॅन फिल्म असती तर पिवळा पट्टा पांढऱ्याजवळ गेला असता आणि लाल-निळा दोन्ही मधल्या करड्या छटेत आले असते. म्हणजे फिल्म ऑर्थो. म्हणजे त्या अकराही बाया प्रत्यक्षात फोटोत दिसतात त्यापेक्षा उजळ होत्या. त्यात भर अशी की सगळ्यांची लुगडी पांढरी, वर उन्हाळ्याचे ऊन. फोटोग्राफरने लुगडी पाहून उजेडाचा अंदाज बांधला की चेहऱ्यांना उजेड कमीच पडतो.

ज्यांच्या विहारात जुने फोटो आहेत त्यांना माझी विनंती आहे. रंग भरण्यापूर्वी फोटोत ध्वज शोधा. भिक्खूंचे चीवर शोधा. चीवर केशरी असूनही काळे आले असेल तर फिल्म ऑर्थो असण्याचा संभव मोठा. यंत्राला हे ठाऊक नसते. ते काळ्या चीवराला काळाच किंवा तपकिरी रंग देऊन मोकळे होते, आणि निळा झेंडा फिकट दिसतो म्हणून त्याला पांढरा करून टाकते. आपल्या माणसांचे झेंडे असे यंत्राने पांढरे करावेत, हे मला तरी बघवत नाही.

माझी पेन्सिल

आता १९६८ च्या फोटोकडे येतो. मी तेव्हा नुकताच स्टुडिओत लागलो होतो. उस्तादांनी मला रिटचिंगला बसवले. तिरप्या काचेच्या मेजावर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाने उजेड पाडायचा, आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन चेहऱ्याच्या जागी बारीक बारीक ठिपके भरत जायचे. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. सावळा चेहरा तिथे पारदर्शक दिसतो. त्यावर शिसे भरले की उजेड अडतो आणि कागदावर चेहरा उजळ येतो. पेन्सिल पुरली नाही तर पातळ लाल रंगाचा हात कुंचल्याने द्यायचा. परिणाम तोच.

गिऱ्हाईक आत आले की पहिले वाक्य ठरलेले, "जरा गोरा करजा भाऊ." मुलीला स्थळ बघायचे असेल तर मुलीचा बाप हळूच कानात सांगे. वर दोन रुपये जास्त देई. आम्हीही न विचारता करायचो. मला हे काम फार छान जमे, उस्ताद शाबासकी देत. सावळेपण म्हणजे जणू काचेवरचा डाग, तो काढायचा, हीच आमची शिकवण. मी स्वतः काळासावळा. पण पेन्सिल हातात असताना ते कधी मनात आले नाही. आज या वयात त्याची खंत वाटते. १९७५ साली गोरेपणाचे प्रसिद्ध क्रीम देशात आले आणि २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणा काढला गेला. पण क्रीम येण्यापूर्वीच आम्ही गावोगावचे फोटोवाले तेच विकत होतो.

रंगवलेल्या फोटोंचा इतिहासही तसाच आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या फोटोंवर चित्रकार असे जाड रंग चढवत की खालचा फोटो दिसेनासा होई. पुढे साध्या घरांसाठी पारदर्शक रंगांचा हलका हात आला. गालाला गुलाबी, ओठाला लाल, बाकी चेहऱ्याला एकच पिवळट लेप. कातडीसाठी बाटली एकच! गिऱ्हाईक मात्र शंभर रंगांचे.

कातडी आणि सत्ता

हे सगळे निव्वळ तंत्राचे प्रकरण असते तर मी एवढे लिहिले नसते. फोटो आणि कातडी यांचा सत्तेशी जुना संबंध आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंडांचे पुस्तक काढले. त्यात चारशे अडुसष्ट फोटो आहेत. जातीजमातींची माणसे नमुन्यासारखी उभी करून, त्यांचे रंगरूप, स्वभाव यांविषयी साहेबाने शेरे मारले आहेत. ज्या काचेला तांबडा रंगच कळत नव्हता त्या काचेवरची ही माणसे! पुढे हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने नाकाची मापे घेऊन जातींची वंशावर मांडणी करण्याचा घाट घातला.

बाबासाहेबांनी या विचाराचा शास्त्रशुद्ध समाचार घेतला हे आपण विसरता कामा नये. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी वर्ण म्हणजे कातडीचा रंग, या समजुतीची तपासणी करून ती नाकारली. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी दिलेली मापेच पुढे ठेवून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. तात्पर्य, माणसाच्या रंगावरून त्याची जात कळत नाही आणि जातीवरून रंग ठरत नाही. फोटो रंगवणाऱ्याने हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायला हवे. आपली माणसे म्हणून सरसकट सगळ्यांना काळे करणे हीही चूकच. त्या अकरा जणींत एक चांगली निमगोरी होती, दोघी गव्हाळ होत्या, बाकी सावळ्यांतही सात तऱ्हा होत्या. गोरे करणे हा जसा अन्याय, तसे सगळ्यांना एकाच रंगात बुडवणे हाही अन्याय.

रंगीत फिल्म कोणासाठी?

कोणी म्हणेल, रंगीत फिल्म आली आणि प्रश्न सुटला. नाही सुटला. अमेरिकेत १९३५ साली कोडाक्रोम फिल्म निघाली. पुढे प्रयोगशाळांतून रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचा फोटो पाठवत. त्यात एक गोरी तरुणी असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीचा चेहरा नीट आला की यंत्र नीट. म्हणजे माप एकच, आणि ते गोऱ्या कातडीचे. काळा आणि गोरा माणूस एका फोटोत घेतला की काळ्याचे नुसते डोळे आणि दात दिसत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट दाखवली आहे. गडद छटा नीट येत नाहीत म्हणून कंपनीवर जोर आला तो काळ्या माणसांच्या तक्रारींमुळे कमी, आणि चॉकलेट व लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे जास्त! त्यांच्या जाहिरातीत चॉकलेटचे आणि लाकडाचे रंग नीट उमटत नव्हते.

त्याच काळातली दुसरी हकिगत अभिमानाची आहे. १९७० साली पोलरॉइड कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णी कामगारांच्या लक्षात आले की आपल्या कंपनीचे झटपट फोटोचे यंत्र दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांच्या सक्तीच्या पासबुकांसाठी वापरले जाते. त्यांनी आवाज उठवला. नोकरी गेली. पण अखेर १९७७ साली कंपनीला तिथला व्यवहार बंद करावा लागला. फोटो हे बंधनाचेही साधन असते, आणि त्याविरुद्ध दोन माणसेही उभी राहू शकतात.

संगणक काय शिकला?

आता संगणकाकडे वळू. आपल्याकडे १९६० चा 'मुगल-ए-आझम' नोव्हेंबर २००४ मध्ये संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा लागला, तेव्हा लोकांना या विद्येची ओळख झाली. तेव्हा माणसे बसून रंग ठरवत. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी दहा लाखांहून अधिक रंगीत फोटो यंत्राला दाखवून, काळ्या-पांढऱ्यावरून रंग ओळखायला त्याला शिकवले. लोकांना खरा आणि यंत्राचा असे दोन फोटो दाखवले तर शंभरात बत्तीस वेळा लोक फसले. २०१८ पासून अशी यंत्रे कोणालाही वापरता येऊ लागली.

पण यंत्र जे पाहते तेच शिकते. त्याला या करड्या छटेखाली खरा रंग कोणता होता हे कळत नाही. अशा छटेला आजवर बहुधा कोणता रंग होता, एवढेच ते सांगते. नक्की ठाऊक नसले की सरासरी काढते, आणि सरासरी म्हणजे मातकट तपकिरी. आणि पाहिले कोणाला? यंत्रांना शिकवण्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या 'इमेजनेट' या फोटोसंग्रहातले पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक फोटो एकट्या अमेरिकेतले, आणि भारत-चीन मिळून जेमतेम तीन टक्के. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू या दोन कृष्णवर्णी संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ओळखणारी यंत्रे तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत, आणि गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत चौतीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे शर्लीबाई कार्डातून उठून संगणकात जाऊन बसल्या, एवढाच फरक.

अजिंठ्याचे चित्रकार

या सगळ्याला कंटाळून मी एकदा अजिंठ्याचे पुस्तक उघडले. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांकडे रंग तरी किती? गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती आणि थोडा बाहेरून आलेला निळा. पण पहिल्या लेण्यात पाहा. एकाच भिंतीवर गोरी, गव्हाळ, तांबूस, सावळी आणि गडद काळी माणसे शेजारी शेजारी आहेत. काळी राजकन्याही तितकीच सुंदर. सावळेपण तिथे डाग नाही. तेही एक रूपच आहे. कातडीत एक रंग नसतो, उजेडाच्या जागी वेगळा आणि खोलगट जागी वेगळा असतो, हेही त्यांना कळले होते.

पण अजिंठ्यावरही आपल्या काळाने लेप चढवलेच. मेजर गिलने १८४४ पासून केलेल्या नकला १८६६ च्या लंडनच्या आगीत बहुतेक जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या नकलांपैकीही अनेक आगीत गेल्या. आणि मूळ भिंतींवर रक्षणासाठी म्हणून दिलेले रोगण कालांतराने पिवळे पडून चेहऱ्यांचे रंगच बदलले. नंतरच्या जाणकारांना ते हळूहळू काढावे लागले. यातून धडा एकच. रंग भरण्याआधी, आधीच्यांनी काय चढवले आहे ते ओळखून बाजूला करावे लागते.

आम्ही काय केले

आम्हीही तसेच केले. स्टुडिओतल्या त्या फोटोत मी चेहरा उजळला होता, पण रिटच करणारा फक्त चेहराच पाहतो. हात, मनगट, कानामागचा मानेचा भाग कोणी उजळत बसत नाही. त्या माउलीचे मांडीवर ठेवलेले हात चेहऱ्यापेक्षा चांगलेच सावळे होते. माझी चोरी माझ्याच फोटोने पकडली! हातांची छटा प्रमाण धरून चेहरा खाली उतरवला. गटफोटोतला चेहरा ध्वजाचा अंदाज घेऊन वर चढवला. दोन्ही फोटो एकमेकांच्या जवळ येऊ लागले.

मग रंग. संगणकात चित्राचे दोन भाग करता येतात, एक उजेड-अंधाराचा आणि दुसरा नुसत्या रंगाचा. लोक घाईने दुसराच भाग भरत बसतात. पण माणसाच्या कातडीचा रंग, मग तो माणूस कुठलाही असो, तांबड्या आणि पिवळ्याच्या मधल्या एका अरुंद पट्टीतच असतो. गोरा-काळा हा फरक मुख्यतः उजेड-अंधाराच्या भागात असतो. म्हणून आधी ती छटा बरोबर करायची, मग रंग.

तोही एक रंग नव्हे. कपाळ जरा पिवळसर, नाक-गाल-कान तांबूस, डोळ्यांखाली जांभळट, पुरुषांच्या हनुवटीवर दाढीची निळसर झाक. सावळ्या माणसाचे ओठ गुलाबी नसतात, ते तपकिरी-जांभळे असतात. तळहात, तळपाय फिके, बोटांचे सांधे आणि कोपर गडद. शेतात राबणाऱ्या बाईचा चेहरा, मनगट रापलेले आणि चोळीच्या बाहीखालचा दंड उजळ. जिथे ऊन चमकते तिथे रंग कमी करायचा, सावलीत तांबडेपणा थोडा वाढवायचा. पांढऱ्या लुगड्याचा उजेड हनुवटीखाली पडतो, तो ठेवायचा. आणि सावळ्या कातडीवरची चकाकी पुसायची नाही. ती पुसली की चेहरा मातीचा होतो.

हे सगळे केल्यावरही खात्री नव्हती. तेव्हा आजीला सकाळच्या उजेडात ओसरीवर बसवले, तिच्या नातीला शेजारी बसवले आणि दोघींचे हात फोटोशेजारी ठेवून रंग पाहिले. आजी म्हणाली, "माय माह्यापेक्षा एक बोट काळी, अन् या पोरीपेक्षा दोन बोटं." बोटाने रंग मोजायचे हे माप कुठल्या पुस्तकात नाही. पण आम्हाला तेच उपयोगी पडले.

मर्यादा

शेवटी एक इशारा. २०२१ साली कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांचे फोटो एका परदेशी कलावंताने रंगीत केले आणि त्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर हसूही चढवले. मृतांच्या नातेवाइकांना धक्का बसला, कंबोडिया सरकारने निषेध केला, आणि ते फोटो मागे घ्यावे लागले. कातडीला रंग देताना आपणही त्या पायरीवर उभे असतो. बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात की १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घातला होता. कॅलेंडरावरचा निळा कोट हा आपल्या चळवळीच्या प्रेमाचा रंग आहे, तो घरात जरूर लावा. पण त्या दिवसाच्या फोटोत तो भरू नका. प्रेम आणि पुरावा, दोन्ही हवेत, वेगवेगळ्या चौकटींत.

म्हणून या स्मरणिकेत प्रत्येक रंगीत फोटोशेजारी मूळ काळा-पांढरा फोटोही छापला आहे. रंग आमचा अंदाज आहे, मूळ फोटो साक्ष आहे. आपल्या घरातले फोटो काढा, मागे नावे आणि साल लिहा, निगेटिव्ह फेकू नका. ज्यांनी त्या माणसांना डोळ्यांनी पाहिले आहे अशी वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारा. लुगड्याचा रंग, बांगड्यांचा रंग, कातडीचा रंग. उद्या विचारायला कोणी राहणार नाही, आणि मग यंत्र सांगेल तेच खरे धरावे लागेल.

पूर्ण झालेला फोटो आजीला दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बांगड्या हिरव्या नव्हत्या भाऊ, काळ्या होत्या. बाकी माय हायेच." बांगड्या काळ्या केल्या. छापखान्यात जाईपर्यंत नातीने तो फोटो माझ्या मेजासमोर टांगून ठेवला होता, आणि त्या सावळ्या चेहऱ्यासमोर बसून मी हा लेख लिहिला.

भवतु सब्ब मंगलं!